ऑर्किड बियांपासून : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात ऑर्किडला पाणी किती घालायचं यावर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ही झाडं बियांपासूनही करता येतात पण मातीत पेरून नाही. झालं! त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की पाणी राहिलं बाजूलाच. जमतील तेवढे घेतेय, सारखे होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांनी फक्त "ताई, फोटोतलं झाड कुठलं" एवढंच विचारलंय त्यांच्यासाठी, ते फॅलेनोप्सिस.

प्रश्न : ताई, मी ऑनलाइन निळ्या ऑर्किडच्या बियांचं पाकीट मागवलं. १०० बिया, काळ्या, मोहरीएवढ्या. कोकोपीटमध्ये पेरल्या, रोज स्प्रे केला, दोन महिन्यांनी जे उगवलं ते चक्क गवत. माझं काय चुकलं?

उत्तर : पेरण्यात काही चुकलं नाही, मागवण्यात चुकलं. बी मोहरीएवढं दिसलं तिथेच शंका यायला हवी होती. ऑर्किडच्या बिया अशा मोजून पाकिटात भरता येतच नाहीत हो. पिकलेली शेंग काळ्या कागदावर धरून हलकी टिचकी मारा, फिकट पिवळसर भुकटी पडते, टाल्कम पावडरसारखी, आणि नाक जवळ नेलंत तर तुमच्या श्वासानेच निम्मी उडून जाते (माझी गेलीय, अख्खी एक शेंग, नेमकी तेव्हाच शिंक आली). ती भुकटी म्हणजेच बिया. भिंगाखाली बघितलं तर प्रत्येक कण म्हणजे एक लांबट जाळीदार पिशवी आणि तिच्या पोटात एक ठिपका. ठिपका म्हणजे गर्भ, बाकी पिशवीत नुसती हवा. एका बीचं वजन काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले थोडेसे, आणि काही जातींच्या एकाच शेंगेत ३०-४० लाखांपर्यंत बिया असतात.

आता मक्याचा दाणा आठवा. तो एवढा मोठा का, तर आत अंकुर थोडासा आणि बाकी सगळी त्याची शिदोरी. पहिलं पान फुटेपर्यंत त्यावर भागतं. ऑर्किडचं बी ही शिदोरी न घेताच घराबाहेर पडतं. त्यामुळे ते हलकं, वाऱ्यावर कुठच्या कुठे जातं, पण उतरलं तिथे खायला काही नाही. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एकाच गोष्टीभोवती फिरतं, म्हणून आधीच सांगून ठेवतेय.

आणि ते निळं. दुकानात दिसणारं गडद निळं फॅलेनोप्सिस हे बहुतेक वेळा पांढऱ्या फुलाच्या झाडाच्या दांड्यात रंग सोडून केलेलं असतं, पुढचा बहर पांढराच येतो. माकडाच्या चेहऱ्याचं जे ऑर्किड पाकिटावर छापतात ते मात्र खरंच आहे, ड्रॅक्युला सिमिया नाव त्याचं, इक्वेडोरकडच्या डोंगरातल्या धुक्याच्या जंगलात वाढतं. पण त्याचंही बी धुळीसारखंच. पाकीट टाकून द्या आणि जमलं तर पैसे परत मागा.

प्रश्न : आंब्याच्या खोडाला मी ऑर्किड बांधलंय. सासरे म्हणतात ते बांडगूळ आहे, झाडाचा रस शोषेल, काढून टाक. खरंय का?

उत्तर : नाही. सासऱ्यांना रागावू नका, दिसतं तसंच. पण बांडगूळ आपली मुळं सालीच्या आत, थेट झाडाच्या रसवाहिन्यांपर्यंत घुसवतं. ऑर्किड सालीवर नुसतं चिकटून बसतं, त्याला फक्त उंचीवर जागा हवी असते. जगात ऑर्किडच्या २८ हजारांच्या आसपास जाती आहेत, त्यातल्या साधारण ७० टक्के अशाच दुसऱ्या झाडावर बसून राहणाऱ्या, बाकीच्या जमिनीत किंवा खडकावर.

घरच्या घरी एक गोष्ट दाखवा त्यांना. ऑर्किडचं कोरडं मूळ चंदेरी पांढरं असतं, त्यावर थोडं पाणी सोडा आणि बघत राहा, मिनिटाभरात ते हिरवं होतं. वरचा तो पांढरा थर मेलेल्या पेशींचा असतो, स्पंजसारखा, नाव व्हेलामेन. पाऊस आला की हा स्पंज पटकन पाणी धरून ठेवतो, भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे मूळसुद्धा पानासारखं थोडंफार उन्हावर जेवण बनवतंय! पाणी खोडावरून ओघळताना सालीवरची धूळ, कुजलेली पानं, पक्ष्यांची घाण असं जे काही घेऊन येतं त्यातून खनिजं मिळतात. आणि फॅलेनोप्सिससारखी बरीच ऑर्किडं पानावरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, म्हणजे पाणी कमी उडतं. फांदीवर माती नाही, पाऊस थांबला की तासाभरात सगळं कोरडं, तिथे असंच जगावं लागतं.

खरं म्हणजे ऑर्किड फुकटखाऊ असतं ते लहानपणी. पण ते आंब्यावर नाही, दुसऱ्याच कुणावर. खालचं उत्तर वाचा.

प्रश्न : बियांमध्ये खायला काही नसतं म्हणता, मग जंगलात उगवतं कसं? तसंच घरी करता येणार नाही का?

उत्तर : मला आवडणारा प्रश्न! थोडं लांबेल.

जंगलात त्या बीला बुरशी गाठ पडावी लागते. कुठलीही नाही, ठराविक घराण्यातली, टुलास्नेला, सेराटोबेसिडियम वगैरे. या बुरश्या सालीवर, शेवाळात, कुजलेल्या पाचोळ्यात राहतात. तिचा धागा बीच्या आत शिरतो. खरं तर हा हल्लाच, बऱ्याच वेळा बी त्यात मरतंही. पण सगळं जुळून आलं तर धागा पेशीत शिरून लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळला जातो आणि ऑर्किडचा गर्भ तो गुंडा चक्क पचवतो. त्यातून साखर मिळते. त्या साखरेवर गर्भ फुगतो, हिरवट मण्यासारखा होतो, त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. ना मूळ ना पान, नुसता मणी आणि खाली चार केस. महिनोन्महिने असाच, सगळं जेवण बुरशीचं. पुढे पान फुटलं की स्वतःचं स्वतः बघायला लागतं. काही जाती तर जन्मभर हिरव्या होतच नाहीत आणि बुरशीच्याच जिवावर राहतात, सासऱ्यांना बांडगूळ म्हणायचंच असेल तर त्यांना म्हणू दे.

हे माणसाला कळायला फार वेळ लागला. इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी नावाच्या माळ्याने कॅलांथे गटातल्या दोन ऑर्किडांचा संकर केला आणि १८५६ साली त्याला फूल आलं, माणसाने केलेलं पहिलं संकरित ऑर्किड ते. पण बी रुजतं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग करायचे काय, तर बिया आईच्याच कुंडीत, तिच्या मुळांपाशी भुरभुरायच्या आणि वाट बघायची. लाखातलं एखादं उगवायचं. का उगवायचं? कारण आईच्या मुळांत बुरशी आधीपासून होती. उपाय बरोबर होता, कारण माहीत नव्हतं.

१८९९ मध्ये नोएल बर्नार नावाचा फ्रेंच तरुण सैन्यातली सक्तीची नोकरी करत होता, जंगलात फिरताना त्याला नेओटिया नावाच्या ऑर्किडचा पाचोळ्याखाली गाडला गेलेला दांडा सापडला, शेंगांत बिया तशाच आणि त्या रुजायला लागलेल्या. त्याने चिरून बघितलं तर प्रत्येक रोपात बुरशी. तिथून पुढे त्याने बुरशी वेगळी वाढवून, तिच्याबरोबर बिया रुजवून दाखवल्या. बिचारा १९११ मध्येच गेला, चाळिशीही गाठली नाही.

मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी वेगळाच विचार केला. बुरशी शेवटी देते काय, साखरच ना, मग आपणच साखर दिली तर? १९२२ मध्ये त्यांनी अगार (समुद्री शेवाळापासून मिळणारी, जेली गोठवणारी पावडर), क्षार आणि साखर घातलेल्या बाटलीत, बुरशी नसताना, बिया रुजवून दाखवल्या. आज दुकानात जी लाखो फॅलेनोप्सिस दिसतात त्यामागे तीच युक्ती आहे. बाटलीतली जेली म्हणजे बुरशीची बदली कामगार.

तर घरी बुरशी वापरून करता येईल का? आईच्या कुंडीत बिया टाकून बघा हवं तर, गंमत म्हणून. मी तीनदा टाकल्यात, एकदाही काही उगवलं नाही. बाटली परवडली.

प्रश्न : बाटलीचं घरी जमेल का? लॅब नाही, प्रेशर कुकर आहे. सगळं नीट सांगा प्लीज.

उत्तर : जमतं. पण आधीच सांगते, पहिल्या खेपेला मी १४ बाटल्या भरल्या होत्या आणि त्यातल्या ११ ना बुरशी लागली. साखरेची जेली नुसत्या ऑर्किडला आवडते असं थोडंच आहे, हवेतल्या प्रत्येक जंतूला ती मेजवानीच. आणि ऑर्किड बघणार महिन्याच्या हिशोबात, बुरशी बघणार दिवसाच्या. म्हणून या सगळ्या उद्योगात ९० टक्के काम स्वच्छतेचं आणि १० टक्के बागकामाचं.

जेली: बियांसाठीची तयार पावडर मिळते, नडसन सी किंवा अर्ध्या ताकदीचं एमएस (मुराशिगे-स्कूग नावाचं क्षारांचं मिश्रण) चालतं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ती पाकिटावर लिहिलीय तेवढी, साधी साखर २० ग्रॅम (पावडरीत आधीच घातलेली नाही ना ते वाचा), अगार ७-८ ग्रॅम. पीएच ५.५ च्या आसपास, कागदी पट्टीने बघितलं तरी पुरे. हे लोक टाळतात आणि मग जेली गोठत नाही म्हणून रडतात, जास्त आंबट झालं की अगार धरत नाही. उकळून अगार विरघळला की बाटलीत दोन बोटं ओता. झाकण उष्णता सहन करणारं हवं, ते सैल ठेवा, वर फॉइल. कुकरमध्ये १५ पौंडाच्या प्रेशरला, म्हणजे १२१ अंशाला, २० मिनिटं. प्रेशर आपोआप उतरू द्या, घाईने शिट्टी उचललीत तर सगळी जेली उतू जाते. मग बाटल्या आठवडाभर नुसत्या ठेवून द्यायच्या, ज्यात काही उगवेल ती आधीच गळाली.

पेरायची जागा: मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आडवा पालथा घालायचा, पुढच्या बाजूला हात जातील अशी दोन भोकं. आतून ब्लीचच्या पाण्याने पुसायचा. पंखा बंद, खिडक्या बंद, अर्धा तास त्या खोलीत कुणी फिरकायचं नाही. हवा स्थिर झाली की धूळ खाली बसते, बस, एवढंच तत्त्व आहे त्याचं.

बिया: सुक्या असतील तर त्या स्वतःच धुवाव्या लागतात. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, त्यात लिक्विड सोपचा एक थेंब, कारण बिया पाण्यावर तरंगतात आणि भिजतच नाहीत. दहा मिनिटं हलवत राहायचं, मग कुकरमध्ये निर्जंतुक करून घेतलेल्या पाण्याने तीनदा धुवायचं. बिया निसटून जातात म्हणून मी फिल्टर पेपरची छोटी पुडी करून त्यातच सगळं करते. शेंग हिरवी, न उकललेली असेल तर काम सोपं, आतल्या बिया मुळातच निर्जंतुक असतात. शेंग ब्रशने घासून त्याच द्रावणात अर्धा तास बुडवा, डब्यात नेऊन चिरा आणि आतला कापसासारखा गर चमच्याच्या टोकावर घेऊन जेलीवर पसरा. व्हिडिओत शेंग स्पिरिटमध्ये बुडवून पेटवून दाखवतात, ते बंद डब्यात कृपा करून करू नका, स्पिरिटची वाफ भडकते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलं क्लीनर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

पुढे बाटल्या २५ अंशाच्या आसपास, थेट ऊन नाही, मंद उजेड किंवा साधा एलईडी १२-१४ तास. पहिले पाच दिवस रोज बघा. दुधाळ चिकट डाग दिसला तर जिवाणू, कापूस दिसला तर बुरशी. ती बाटली उघडू नका, वाचवायला तर अजिबात जाऊ नका, तशीच कुकरमध्ये घालून मग टाका. वाचलेल्यांमध्ये फॅलेनोप्सिस असेल तर तीन-चार आठवड्यांत भुकटी जरा जाडसर वाटायला लागते, मग एके दिवशी कोनातून उजेड धरला की हिरवी झाक दिसते. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं, कुणालाच काही दिसलं नाही.

तीन-चार महिन्यांनी मणी दाटीवाटी करतात, तेव्हा नव्या बाटलीत विरळ करायचे. या दुसऱ्या जेलीत बरेच जण कुस्करलेलं केळं किंवा नारळपाणी आणि थोडा ॲक्टिव्हेटेड चारकोल घालतात, रोपं खरोखर जोमाने वाढतात. बाटलीतून बाहेर यायला पेरणीपासून वर्षभर धरा.

प्रश्न : माझ्याकडे फॅलेनोप्सिस आहे पण शेंग कधी धरत नाही. कशी धरवायची, आणि कधी तोडायची?

उत्तर : घरात तिचं परागीभवन करणारा किडा नाही, तो तुम्ही व्हायचं. फुलाच्या मधोमध जो दांडा असतो त्याच्या टोकाला एक टोपी असते, टूथपिकने खालून हळूच उचला, टोपी निघते आणि दोन पिवळे गोळे काडीला चिकटून येतात. ऑर्किडचे पराग सुटे नसतात, असे गठ्ठ्यात असतात. त्याच दांड्याच्या खालच्या बाजूला एक ओलसर चिकट खळगा आहे, गोळे त्यात दाबायचे. शक्यतो दुसऱ्या झाडाच्या फुलात. दोन-चार दिवसांत फूल मान टाकतं, घाबरू नका, फुलामागचा देठ जाड व्हायला लागला की जमलं.

गंमत अशी की पराग ठेवता तेव्हा आत बीजांडं तयारच नसतात, परागाची चाहूल लागल्यावर झाड ती बनवायला घेतं. फॅलेनोप्सिसमध्ये खरं फलन व्हायलाच दोन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून शेंग लवकर तोडली तर आत नुसता कापूस. हिरवी फोडायची असेल तर चार महिने तरी थांबा, मी पाच थांबते. कॅटलियाला बरेचदा आठ-दहा महिने. झाड अशक्त असेल तर त्याच्यावर हे ओझं टाकू नका. उरलेल्या सुक्या बिया कागदी पुडीत, सिलिका जेलसकट बंद बाटलीत घालून फ्रिजमध्ये (फ्रीजरमध्ये नाही) ठेवल्या तर बऱ्याच जातींच्या बिया काही वर्षं टिकतात.

प्रश्न : तयार रोपांचा फ्लास्क आणला होता. बाटलीत मस्त हिरवीगार होती, बाहेर काढून छान उन्हात ठेवली आणि आठवड्यात सगळी गेली.

उत्तर : "छान उन्हात" इथेच गेली ती. बाटलीत हवा पूर्ण दमट, साखर आयती, वारा नाही. अशा लाडात वाढलेल्या पानावर मेणाचा थर नीट चढलेला नसतो आणि पानावरची छिद्रं मिटायची सवयही नसते. बाहेर काढलं की पाणी उडत राहतं आणि ते थांबवता येत नाही.

कोमट पाण्याने मुळांवरची सगळी जेली धुऊन टाका, कणही ठेवू नका, त्यातली साखर बुरशीला बोलावते. मग रोपं एकेकटी न लावता दहा-पंधरा एकाच छोट्या कुंडीत दाटीने लावा, ओलसर पण पिळून काढलेल्या स्फॅग्नम मॉसमध्ये. वर पारदर्शक झाकण. पहिले दोन आठवडे झाकण बंद, सावलीचा उजेड, मग रोज थोडं थोडं जास्त उघडायचं, महिन्या-दीड महिन्यात काढून टाकायचं. जुनी पानं गेली तरी चालेल, बाहेरच्या हवेत फुटलेलं पहिलं नवं पान आणि नवं मूळ बघा, ते खरं. खत महिनाभर नको, नंतर अगदी पातळ.

प्रश्न : ट्रॉपिकल ऑर्किड म्हणजे उष्ण हवेतलं ना? मग माझं मॅसडेवालिया उन्हाळ्यात का मेलं?

उत्तर : कारण ट्रॉपिकल हा नकाशावरचा पट्टा आहे, थर्मामीटरवरचा आकडा नाही. ही चूक फार जण करतात आणि खूप झाडं त्यात जातात.

हजार मीटर वर चढलं की हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. मॅसडेवालिया आणि वर सांगितलेलं ड्रॅक्युला यांचं घर मुख्यतः अँडीज पर्वतात, कोलंबिया-इक्वेडोरकडे, बऱ्याच जाती दीड ते तीन हजार मीटरच्या मधे. विषुववृत्त तिथून जवळच, पण दुपारीही अंगावर स्वेटर लागावा अशी हवा, आणि ढग जंगलाच्या आतून चालत जातात. फांद्यांवर हातभर शेवाळ, त्याला कायम पाणी निथळतंय. या झाडांना पाणी साठवायचे जाड कंद नाहीत, कारण तिथे कधी कोरडं पडतच नाही. तुमच्या खोलीत ३५ अंश झालं तेव्हाच त्याचं आटोपलं, पाणी कमी-जास्त केल्याने काही फरक पडला नसता.

फॅलेनोप्सिसचं घर अगदी वेगळं. आग्नेय आशियातली सखल दमट जंगलं, सावली, रात्रीही ऊब. अमाबिलिससारखी जात तिथे खोडाला बाजूने लटकते, पानं खाली झुकलेली, त्यामुळे पाऊस पानावरून निथळून जातो. आपण तिला कुंडीत सरळ उभी करतो, मग पाणी मधल्या शेंड्यात साचतं आणि शेंडा कुजतो. घरी ती बरेचदा अशीच मरते, आणि कारण काय तर ती लटकायला बनलीय हे आपल्याला माहीत नसतं. कुंडी थोडी तिरकी ठेवा, एवढ्याने काम होतं.

डेंड्रोबियम नोबिलेचं आणखी निराळं, हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांतलं ते. पावसाळ्यात धो धो पाणी, हिवाळ्यात लख्ख ऊन, गारठा आणि पाऊस जवळजवळ नाहीच. त्या कोरड्या थंडीत पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं मरतंय, दया येऊन पाणी आणि खत घालतो आणि मग फुलांऐवजी कांडीवर बाळरोपं फुटतात. ब्लू वांडा, म्हणजे वांडा कोएरुलिया, खासी टेकड्यांपासून म्यानमार-थायलंडपर्यंत विरळ जंगलात, भरपूर उजेडात, वाऱ्यावर, मुळं लोंबकळत.

आणि एकाच झाडावरसुद्धा मजल्यामजल्याने फरक आहे. बुंध्यापाशी अंधार आणि ओल, मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात पाचोळा साठून तयार झालेलं थोडं खत, शेंड्याच्या डहाळीवर कडक ऊन आणि वारा. बी वाऱ्याने सगळीकडे पडतं, पण बुरशी, ओल आणि उजेड जिथे एकदम जुळतात तिथेच रोप दिसतं. एरिसिना पुसिला नावाचं बोटभर ऑर्किड आहे, ते बारीक डहाळ्यांवरच राहतं. डहाळी कधी मोडेल भरवसा नाही, म्हणून ते थांबतच नाही, बियांपासून वर्षाच्या आत फुलू शकतं, अगदी बाटलीतसुद्धा. ज्यांनी "सगळ्यात लवकर फुलणारं सांगा" असं विचारलंय त्यांनी हे नाव लिहून घ्या. बाकी फॅलेनोप्सिसला बियांपासून फुलापर्यंत तीन ते पाच वर्षं, कॅटलियाला पाच-सात.

म्हणून बी मागवण्याआधी किंवा पेरण्याआधी ते झाड किती उंचीवर, कुठल्या ऋतूत कोरडं, सावलीत की उन्हात हे शोधा. बाटलीत सगळ्यांची जेली जवळपास एकच चालते, बाटलीबाहेर नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. एका शेंगेत लाखो बिया असतात तर सगळी पृथ्वी ऑर्किडने का भरली नाही?

उत्तर : शाब्बास, हाच प्रश्न डार्विनलाही पडला होता! त्याने एका युरोपियन ऑर्किडच्या बियांचा हिशोब केला, एका झाडाला १,८६,३०० च्या आसपास, आणि म्हणाला की सगळ्या जगल्या तर त्या एका झाडाची पणतवंडं जगातली सगळी जमीन जवळपास झाकून टाकतील. तू हिशोब करून बघ, १,८६,३०० ला १,८६,३०० ने गुणायचं, मग पुन्हा एकदा, कॅल्क्युलेटर दमतो. पण तसं होत नाही कारण बहुतेक बिया नुसत्या धूळ होऊन जातात. दगडावर पडतात, समुद्रात पडतात, बुरशी भेटत नाही, भेटली तर तीच खाऊन टाकते. एका झाडामागे पुढच्या पिढीत एक झाड जगलं तरी जंगल आहे तेवढं राहतं. म्हणून तर ऑर्किड इतक्या बिया करतं, लॉटरीची तिकिटं जास्त काढल्यासारखं.

प्रश्न : ट्रेकला गेल्यावर झाडावर शेंगा दिसल्या तर आणू का?

उत्तर : नको. जंगलातल्या ऑर्किडला काय करता येतं यावर प्रत्येक देशाचे नियम आहेत, शिवाय सगळी ऑर्किडं साइटिस या आंतरराष्ट्रीय करारात येतात, पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियम या दोन गटांना तर त्यातलं सर्वात कडक संरक्षण आहे. बियांना आणि बाटलीतल्या निर्जंतुक रोपांना या कराराच्या बऱ्याच अटी लागू होत नाहीत हे खरं, पण त्यामुळे जंगलातली शेंग तोडायची परवानगी मिळत नाही. फोटो काढा, झाड कुठल्या फांदीवर आहे, सोबत शेवाळ कुठलं, उजेड कुठून येतो ते बघा. माझ्यासाठी तेच जास्त उपयोगाचं ठरलंय.

प्रश्न : बियांपासून केलेल्या झाडाला आईसारखंच फूल येईल ना?

उत्तर : मूळ जंगली जात असेल आणि दोन्ही आईबाप त्याच जातीचे असतील तर साधारण तसंच, थोडं डावं-उजवं. दुकानातलं संकरित फॅलेनोप्सिस असेल तर काय येईल ते फूल आल्यावरच कळणार, एकाच शेंगेतल्या भावंडांत पांढरं, गुलाबी, ठिपक्यांचं, सगळं निघतं. हुबेहूब आईच हवी असेल तर बी नको, दांड्यावर कधी कधी बाळरोप फुटतं ते घ्या.

आणि बाटलीवर आईचं नाव, बापाचं नाव, पेरल्याची तारीख लिहा, पेन्सिलने, कागदी पट्टीवर. मार्करची शाई स्पिरिटच्या बोळ्याने पुसली जाते. माझ्याकडे आत्ता सहा कुंड्या आहेत ज्यांच्यावर फक्त "बहुतेक गुलाबी" एवढंच वाचता येतंय.